१८० जीएसएमचा टी-शर्ट काट्यावर १५२ ग्रॅमच का भरतो?

लक्षणं

ऑर्डर १८० जीएसएमची होती; जीएसएम हे कापडाच्या वजनाचं माप. पेटी फोडली, मीडियमचा एक नग काट्यावर ठेवला आणि आकडा आला १५२.

किंवा याच्या उलट. डबल एक्सएल ठेवला, तो १८२ भरला, जीव भांड्यात पडला. छापून, वाटून झाल्यावर मात्र उन्हात उभ्या राहिलेल्या पोराच्या अंगातला बनियन बाहेरून दिसायला लागला.

किंवा मागच्या वर्षीचा आणि यंदाचा टी-शर्ट, दोन्ही १८०चे, वजनही सारखं, पण एक हाताला भरीव लागतो आणि दुसरा पोचट. किंवा पहिल्याच धुण्यात टी-शर्ट दोन बोटं आखूड झाला आणि कापड मात्र आधीपेक्षा जाड वाटतंय. किंवा एकाच पेटीत वीस नग चांगले आणि पाच झिरझिरीत.

कोल्हापुरात चौदा वर्षं मी टी-शर्ट छापते. तालमींचे, गणेश मंडळांचे, कॉलेजच्या गॅदरिंगचे, आषाढीच्या दिंड्यांचे. कोरा माल बहुतेक तिरुपूरहून येतो. शेजारी इचलकरंजी असली तरी तिथलं काम मागावरच्या कापडाचं, टी-शर्टला लागणारं होजिअरीचं, म्हणजे स्वेटरसारखं सुयांवर विणलेलं कापड वेगळं. दरवर्षी श्रावण लागला की वरच्या पाचपैकी एखादी तक्रार घेऊन कुणीतरी दुकानात येतंच. कधी कापड अगदी बरोबर असतं आणि मोजणाऱ्याची गफलत असते. कधी कापडात खरंच खोट असते आणि काट्याने ती झाकलेली असते. दोन्ही वेळा मूळ एकच: तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच नावाने ओळखतो.

पहिली गोष्ट जीएसएम, म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापडाचं ग्रॅममधलं वजन. दुसरी, शिवलेल्या टी-शर्टचं वजन. त्यात जेवढं कापड लागलं तेवढ्याचं वजन येतं, वर गळ्याची रिब म्हणजे लवचीक पट्टी, दोरा आणि लेबल. तिसरी, विणीचा दाटपणा, म्हणजे इंचभर जागेत किती टाके बसलेत. टी-शर्टचं वजन साइझप्रमाणे बदलतं, जीएसएम साइझप्रमाणे बदलत नाही, आणि दोन कापडांचा जीएसएम तंतोतंत सारखा असूनही एकाची वीण घट्ट, दुसऱ्याची विरळ असू शकते.

आता तपासण्या. बिनखर्चाची आधी, खर्चाची नंतर. मधल्या टप्प्यावर उत्तर मिळालं तर पुढे जायची गरज नाही.

आधी बिल आणि ऑर्डरचा मेसेज काढा

फुकटची तपासणी आहे आणि बरीच भांडणं इथेच मिटतात. ऑर्डर देताना तुम्ही काय लिहिलं होतं ते शब्दशः वाचा. ‘१८०चा टी-शर्ट’ एवढंच लिहिलं असेल तर ते जीएसएम की ग्रॅम, हे समोरच्याने त्याच्या सोयीने ठरवलेलं असतं.

काही मालावर औंसाचा आकडा असतो. अमेरिकी पद्धतीच्या कोऱ्या टी-शर्टवर तो हमखास दिसतो. तो आकडा एका चौरस यार्डाच्या कापडाचा असतो, नगाचा नव्हे. एक औंस प्रति चौरस यार्ड म्हणजे ३३.९ जीएसएम. म्हणजे ५.३ औंस हे आपलं १८०, आणि ६ औंस हे जवळपास २०३. पण एखाद्याने नुसत्या औंसाचे ग्रॅम केले तर ६ औंसाचे १७० ग्रॅम होतात, आणि १७० जीएसएमचा माल २०३चा म्हणून आला असा समज होऊन बसतो. माझ्याकडे बारामतीहून आलेल्या एका ग्राहकाचं नेमकं असंच झालं होतं. त्याचं कापड उत्तम होतं.

टेप आणि घरचा काटा

तीन वर्षांपूर्वी एका तालमीची चार पोरं रात्री नऊला पेटी घेऊन दुकानात आली. माल त्यांनी परस्पर मागवला होता, छपाई माझ्याकडे होती. सोबत घरातला स्वयंपाकाचा काटाही आणला होता. काउंटरवर काटा ठेवला, मीडियमचा टी-शर्ट घडी घालून वर ठेवला. १५२. “ताई, नगामागं अठ्ठावीस ग्रॅम मारल्यात बघा,” त्यांच्यातला मोठा म्हणाला. व्यापाऱ्याला फोनवर नको ते बोलून झालं होतं.

मी टेप घेतला. टी-शर्ट टेबलावर सपाट पसरला, हाताने सुरकुती काढली पण ताणला नाही. काखेखाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत रुंदी ५१ सेंटिमीटर. खांद्याच्या गळ्याजवळच्या टोकापासून खालच्या दुमडीपर्यंत उंची ७१. दोन्हींचा गुणाकार ३,६२१. पुढचा आणि मागचा भाग मिळून दुप्पट, ७,२४२ चौरस सेंटिमीटर. बाह्यांचं कापड यात वाढतं, गळा आणि मुंढ्याचं कापलेलं वजा होतं. माझ्या नेहमीच्या अर्ध्या बाहीच्या पॅटर्नवर ही बेरीज-वजाबाकी सुमारे बारा टक्क्यांची वाढ देते. म्हणजे ८,१०० चौरस सेंटिमीटर, ०.८१ चौरस मीटर. १५२ ग्रॅममधून रिब, दोरा, लेबलचे सहा ग्रॅम काढले, राहिले १४६. १४६ भागिले ०.८१. उत्तर आलं १८०.

पोरांनी दोनदा हिशेब करून बघितला. मग त्याच रात्री त्या व्यापाऱ्याला फोन लावून मोठ्याने माफी मागितली, तेव्हा मलाही बरं वाटलं. तिकडे तो माणूसही धंदा वाचवायलाच बसला होता.

याच हिशेबाने १८० जीएसएमचा नेहमीच्या मापाचा लार्ज साधारण १७० ते १७५ ग्रॅम भरतो, एक्सएल १८५ ते १९०, डबल एक्सएल २०० ते २०५. एक्सएलचा आकडा योगायोगाने १८०च्या जवळ येतो आणि सगळा गोंधळ तिथूनच पसरतो. कुणीतरी एकदा एक्सएल तोललेला असतो, ‘१८०चा टी-शर्ट म्हणजे १८० ग्रॅम’ ही समजूत पक्की होते, आणि पुढे दहा जणांना सांगितली जाते.

याच समजुतीने माझं नुकसान झालेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका लॉटमधला हाताला आला तो नग तोलला. तो डबल एक्सएल होता, १८२ भरला. मी माल उतरवून घेतला, तीनशे नग छापले. कापड १६०चं होतं. १६० जीएसएमचा डबल एक्सएल एवढाच भरतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मंडळाने पुढच्या वर्षी काम दुसरीकडे दिलं.

म्हणून नियम करा: तोलायचा तर नगाचं माप त्याच वेळी घ्यायचं. दोन लॉट शेजारी ठेवून बघायचे तर एकाच साइझचे आणि एकाच पॅटर्नचे. ओव्हरसाइझ, खांदा खाली उतरलेल्या टी-शर्टला बारा टक्क्यांचा हिशेब चालत नाही, त्याची बाही निराळी असते. छापलेला नग तर तोलूच नका. छातीभर छाप असेल तर शाईच काही ग्रॅम वाढवते.

या पद्धतीत चारपाच टक्क्यांची चूक गृहीत धरा. उत्तर १७५ ते १८५ आलं तर निर्धास्त व्हा. १६५च्या खाली आलं तर पुढे वाचा.

हवा बघा

सुती कापड हवेतलं पाणी पितं. पूर्ण कोरड्या १०० ग्रॅम सुताला प्रमाण हवेत ८.५ ग्रॅम ओल धरलेली मानतात, व्यापारातला हिशेबही त्यावरच चालतो. पॉलिएस्टरला हाच आकडा ०.४. म्हणजे पॉलिएस्टरच्या फुटबॉल जर्सीवर पावसाचा परिणाम जवळपास शून्य, पण सुती टी-शर्ट जुलैत राधानगरीकडे तोलला आणि मे महिन्यात सोलापुरात तोलला तर तीनचार टक्के इकडे-तिकडे सहज होतात. १८०चं कापड कोरड्या हवेत १७४ दिसेल आणि दमट हवेत १८६. कापड तेच.

करायचं एवढंच: पिशवीतून काढलेला नग लगेच तोलू नका. पंखा असलेल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत एक दिवस दोरीवर पसरून ठेवा. दोन लॉट पडताळायचे असतील तर दोन्ही एकाच खोलीत, एकाच दिवशी. इस्त्री करून लगेच तोललं तर कोरडं भरेल, तेही चुकीचं.

दहा बाय दहाचा तुकडा आणि सराफाचा काटा

आता एक नग कापावा लागेल. मन धजत नाही हे मला माहीत आहे, पण तीनशेचा लॉट असताना एका नगाचा खर्च परवडतो. मी पेटीतला सगळ्यांत न खपणारा साइझ निवडते.

एक दिवस पसरून ठेवलेला नग घ्या. शिवणी, खालची दुमड आणि गळा सोडून पुढून दोन, मागून दोन आणि बाहीतून एक असे पाच तुकडे कापा, प्रत्येक १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर. जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साचा करून घ्या, नाहीतर कात्रीखाली होजिअरीचं कापड सरकतं. साचा ठेवताना कापड ताणू नका. एकेक मिलिमीटर दोन्ही बाजूंनी जास्त कापला गेला तरी क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे १८०चं १८३-१८४ दिसणार.

तुकडा १०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. त्याचं वजन गुणिले शंभर म्हणजे जीएसएम. १.८० ग्रॅम भरला तर १८०. मात्र घरच्या काट्याचं इथे काम नाही. तो पूर्ण ग्रॅम दाखवतो, १.८ला २ म्हणेल आणि तुम्ही २०० समजाल. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा, आणि तो प्रत्येक गावात असतो. सराफाकडे.

मी पहिल्यांदा गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ पेठेत गेले तेव्हा ओळखीच्या काकांनी विचारलं, “चिंध्या तोलायला आणल्यास?” पण त्यांनी काचेच्या पेटीतला काटा पुढे ओढला, तव्यावर फुंकर मारून धूळ उडवली, पेटीचं दार लावून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायला सांगितलं. पंख्याच्या वाऱ्यानेही शेवटचा आकडा हलतो, हे त्यांनीच दाखवलं. पाच तुकडे एकेक करून ठेवले: १.५८, १.६१, १.५७, १.६०, १.५९. सरासरी १.५९. कापड १५९ जीएसएमचं, बिलावर १८०. त्या दिवशी माझ्याकडे पहिल्यांदा असा आकडा होता जो फोनवर सांगितल्यावर समोरचा गप्प झाला. माल परत गेला.

सराफाकडे जायची सोय नसेल तर ३० बाय ३०चा मोठा तुकडा कापून घरच्या काट्यावर ठेवा आणि वजनाला ०.०९ने भागा. १६ ग्रॅम भरला तर १७८. यात पाचसहाची चूक राहते, पण १६० आणि १८० यांतला फरक कळतो. हे काम वरचेवर करावं लागत असेल तर गोल जीएसएम कटर घ्या. त्याची चकती ११.२८ सेंटिमीटर व्यासाची असते, क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंटिमीटर.

व्यापारात पाच टक्के कमी-जास्त चालवून घेतात. १८०ला १७१ ते १८९. पाच तुकड्यांची सरासरी यात बसली तर भांडू नका. सरासरी बसते पण एक तुकडा १६० आणि दुसरा १९० असं दिसलं तर मात्र दोन वेगळ्या रोलांचं कापड एकाच टी-शर्टात शिवलं गेलंय. ‘एकाच पेटीत पाच झिरझिरीत’ या लक्षणाचं कारणही बहुधा अशीच रोलांची सरमिसळ. तेव्हा एका पेटीवर न थांबता तीन वेगळ्या पेट्यांतला एकेक नग बघा.

वीस जीएसएमसाठी एवढी उठाठेव कशाला, असं वाटत असेल तर पैशाचा हिशेब बघा. होजिअरीचं कापड किलोवर विकतात. कटिंगची तूट धरून मीडियमच्या एका नगाला समजा ०.९५ चौरस मीटर कापड लागतं. १००किलोत १८०चे साधारण ५८५ नग निघतात आणि १६०चे ६५८. सत्तरहून जास्त नगांचा फरक. त्यामुळे मी दर विचारताना नगाच्या दराआधी जीएसएम कोणत्या टप्प्यावर मोजलाय, हे विचारते. त्याकडे आता येते.

धुऊन बघा

हा टप्पा सगळ्यांत जास्त शिकवतो आणि तो सगळ्यांत जास्त टाळला जातो.

दुसऱ्या एका नगावर पाठीकडे, धुण्यात न जाणाऱ्या पेनने २५ सेंटिमीटर बाय २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा. आधी नग तोलून घ्या. नेहमीच्या साबणाने तीन वेळा धुवा, सावलीत सपाट वाळवा, एक दिवस पसरून ठेवा. मग चौकोन मोजा आणि नग पुन्हा तोला.

समजा चौकोन दोन्हीकडे २३.७५ झाला. म्हणजे उभं-आडवं पाचपाच टक्के आटलं. क्षेत्रफळ शंभराचं नव्वद राहिलं. टी-शर्टचं वजन जवळजवळ तेवढंच, पण तेच सूत कमी जागेत आलं. १८० भागिले ०.९०२५ केलं की १९९ येतात. टी-शर्टात एक ग्रॅमही न वाढता त्याचा जीएसएम १९ने वाढला. ‘आखूड झाला पण जाड लागतोय’ ही तक्रार हीच.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, कापड तयार होताना ते ताणून पन्हा वाढवलेला होता. ओलं कापड रुंद ताणून वाळवलं तर पन्हा जास्त भरतो, कापड तात्पुरतं पातळ होतं, आणि पहिल्या धुण्यात आपल्या मूळ जागी परततं. दोन, तुम्ही आणि व्यापारी वेगवेगळ्या टप्प्यावरचा जीएसएम बोलत असाल तर दोघंही खरं बोलून भांडत बसाल. तो म्हणतो १९५, त्याने धुतलेल्या नमुन्यावर मोजलंय. तुम्ही म्हणता १८०, तुम्ही पेटीतला मोजलाय.

उलट प्रकारही असतो. धुतल्यावर वजनच उतरतं. तयार मालावर मऊपणासाठी लावलेलं रसायन पाण्यात जातं, थोडी लव निघून जाते. एकदोन टक्के उतरणं समजू शकतं. त्याहून बरंच जास्त उतरलं तर तुम्ही सुतासोबत मसालाही विकत घेतलाय. बायोवॉशचं मात्र वेगळं. त्यात एन्झाइमने वर आलेली लव खाऊन टाकतात, कापडाचं वजन तीन ते पाच टक्के घटतं, पण हे कारखान्यातच झालेलं असतं. म्हणून बायोवॉश माल घेताना जीएसएम बायोवॉशनंतरचाच लिहून घ्या.

भिंगाखाली

पाचही तुकडे १८० भरले, धुण्यातही ठीक, तरी कापड पोचट लागतंय? मग वीण बघायची.

इंचाची चौकट असलेलं कापड मोजायचं भिंग इचलकरंजीत सहज मिळतं. ते नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पट्टीशेजारी धरून मोठा करून बघा. टी-शर्टचं कापड, ज्याला आपल्या धंद्यात सिंकर म्हणतात, उजव्या बाजूने बघितलं तर स्वेटरवर दिसतात तशा टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतात. एका इंचात किती उभ्या रांगा आणि किती आडव्या ओळी बसल्यात ते मोजा. दोन लॉटमधले आकडे शेजारी लिहा.

सूत जाड घेऊन विरळ विणलं किंवा बारीक घेऊन घट्ट विणलं, दोन्ही वाटांनी एकाच जीएसएमला पोचता येतं. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक: एका पौंडात ८४० यार्डाच्या जितक्या लडी बसतील तो नंबर. ३० नंबरच्या सुतात पौंडाला २५,२०० यार्ड लांबी निघते, २० नंबरच्या सुतात १६,८००. ३० नंबरचं कापड साधारण १४० ते १६०च्या पट्ट्यात चांगलं बसतं. १८०साठी सहसा २४च्या आसपासचं सूत लागतं, २००च्या पुढे २०चं. जाड सूत घेऊन टाका मोठा सोडला की आकडा १८० येतो, पण टाक्यांच्या मधली भोकं मोठी राहतात. असं कापड उजेडाला आरपार दिसतं, गळ्याला लोंबतं, धुतल्यावर जास्त आटतं, बाजूची शिवण फिरून पोटावर येण्याचा धोकाही वाढतो. आणि छपाईची शाई भोकांतून आत उतरते, छाप डागाळ दिसतो. छापणाऱ्याला हा फरक पहिल्या ओढीतच समजतो.

रंगाने फसू नका. काळं कापड विरळ असलं तरी दाट भासतं, पांढरं चांगलं असूनही आरपार वाटतं. पडताळणी एकाच रंगात करा. कार्डेड, म्हणजे नुसतं पिंजलेलं सूत फुगीर असतं, त्यामुळे हाताला जाड लागतं. कोंब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेलं सूत गुळगुळीत, तेवढ्याच जीएसएमला पातळ लागेल. पातळ लागणं हा इथे दोष नाही.

सुतात पॉलिएस्टर मिसळल्याचा संशय असेल तर एक दोरा उसवून चिमट्यात धरा आणि मेणबत्तीला दाखवा, खाली पाण्याची वाटी ठेवून. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं, टोकाला कडक मणी होतो. किती टक्के मिसळलंय ते यातून कळत नाही.

इथे थांबा

पाच तुकड्यांची सरासरी पाच टक्क्यांच्या बाहेर गेली की कात्री आणि छपाई दोन्ही थांबवा. एक नगही छापू नका. छापलेला माल कुणी परत घेत नाही आणि घेऊ नये. पातळ आलेलं कापड घरी जाड करायचा कोणताही उपाय नाही. स्टार्च, जास्त इस्त्री, गरम पाण्यात मुद्दाम आटवणं, हे सगळं करून बघितलेले लोक माझ्याकडे वाकडे टी-शर्ट घेऊन आलेत.

व्यापारी तुमचा आकडा मान्य करत नसेल, शाळेच्या गणवेशाचा किंवा टेंडरचा माल असेल, परदेशी जाणार असेल, किंवा मिश्रणाचे टक्के हवे असतील तर सराफाचा काटा पुरत नाही. तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी आहे, घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन म्हणजे बीटीआरए, वरळीला सस्मिरा. तिथे नमुना २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिर करून मग तोलतात, त्यामुळे पावसाळ्याचा वाद उरत नाही. भारतीय मानकात चौरस मीटरच्या वजनाची पद्धत आयएस १९६४ मध्ये दिलेली आहे, अर्जावर तोच क्रमांक लिहा. चार चाचण्या मागा: चौरस मीटरचं वजन, धुण्यातलं आटणं, सुताचा नंबर, तंतूंचं प्रमाण. आधी फोन करून नमुना किती लागतो ते विचारा, आणि न धुतलेले, न छापलेले नग पाठवा. शक्य असेल तर व्यापाऱ्याच्या माणसासमोर पाकीट बंद करून दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर अहवाल आल्यावर ‘हा आमचा मालच नाही’ हे ऐकावं लागतं.

लॉटमध्ये रोलागणिक फरक निघत असेल तर तो दोष विणण्यात किंवा प्रोसेसमध्ये, म्हणजे रंगवण्या-वाळवण्यात आहे. शिंप्याला आणि छापणाऱ्याला तो सापडणार नाही. व्यापाऱ्याला सांगा की प्रोसेस हाउसकडून रोलवार आकडे मागव.

पुढच्या ऑर्डरला

मी आता ‘१८०चा टी-शर्ट’ असं लिहीत नाही. मेसेज असा जातो: ‘सुती कोंब्ड सिंकर, बायोवॉशनंतर तयार कापडाचा जीएसएम १८०, पाच टक्के कमी-जास्त मान्य. सुताचा नंबर कळवा. तीन धुण्यांनंतर आटणं उभं-आडवं पाच टक्क्यांच्या आत. मीडियमची छाती ५१, उंची ७१ सेंटिमीटर. छपाईआधी तुकडा कापून तपासणार.’ उन्हात चालणाऱ्या दिंडीसाठी मी स्वतःहून १५० सुचवते, १८०चा हट्ट धरत नाही. पंधरावीस दिवस अंगावर घामाने भिजणाऱ्या कपड्याला वाळण्याची घाई जास्त असते.

पसंत पडलेल्या नमुन्याचा वीतभर तुकडा कापून मधोमध अर्धा करते. एक अर्धा बिलाच्या प्रतीला टाचते, त्यावर तारीख, ऋतू आणि गुजरीतल्या काट्याचा आकडा लिहिते. दुसरा कुरिअरने तिरुपूरला जातो.